हाफ पँटीत गेली, मिशी घेऊन आली

४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. नववी ‘ब’च्या वर्गात शिरलो, टेबलावर हजेरीपट ठेवला, घसा खाकरला आणि दीड वर्षांनी भरलेल्या वर्गाला उद्देशून पहिलं वाक्य बोललो : "आवाज येतोय का सगळ्यांना?"

समोर, दहा-पंधरा फुटांवर, ३१ मुलं बसली होती. आवाज अडावा असं मध्ये काही नव्हतं. ना टॉवर, ना ढग, ना कुणाच्या वडिलांचा संपलेला रिचार्ज. तरी मागच्या बाकावरच्या एकाने इमानदारीत अंगठा वर करून दाखवला. दुसरा म्हणाला, "येतोय सर, पण फोटो हलतोय." मी खरोखर हलत होतो. दीड वर्ष खुर्चीत बसून गणित शिकवलेल्या माणसाचे पाय उभं राहिल्यावर लटपटणारच.

हजेरी घ्यायला लागलो. क्रमांक एक, हजर सर. क्रमांक दोन, हजर सर. क्रमांक सात म्हटलं आणि कोपऱ्यातून असा काही खर्जातला "हजर!" आला की मी पेन खाली ठेवून उभाच राहिलो. म्हटलं, कुणाचे तरी वडील आलेत. "या, या, बसा. काय काम काढलंत?" वर्ग खदखदून हसला. ‘वडिलांनी’ लाजून मास्क जरा खाली ओढला, तर खाली मिशी. कोवळी, पण रीतसर उगवलेली, आणि कडेने कातरीही लावलेली. हा तोच मुलगा, ज्याला मी सातवीत ‘चिमणी’ म्हणायचो.

हिशेब मांडला म्हणजे घोळ लक्षात येतो. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुलं सातवीत होती. आमच्या शाळेत सातवीपर्यंत हाफ पँट आणि आठवीपासून फुल पँट. मधली जवळजवळ अख्खी आठवी मोबाइलमध्ये गेली, आणि मोबाइलच्या चौकटीत पँट दिसतच नाही. त्यामुळे हाफ पँटीत गेलेली मुलं एकदम मिशी घेऊनच परत आली. निसर्गाने त्यांचा एकही धडा वगळला नव्हता. पंचवीस टक्के अभ्यासक्रम कमी करण्याचं परिपत्रक निसर्गापर्यंत पोहोचलं नसावं.

गणवेश मात्र मागेच राहिले होते. ज्यांच्या घरी दीड वर्षापूर्वी ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून मोठा गणवेश शिवला होता त्यांनाही तो आता तोकडा झाला होता. मुलींच्या आयांनी सलवारीची दुमड उसवून ती लांब केली होती. वरचं कापड धुऊन धुऊन फिकं पडलेलं आणि पायाशी बोटभर पट्टा मूळच्या गडद निळ्या रंगाचा. एका मुलीच्या सलवारीला असे दोन पट्टे होते. झाडाचं वय खोडाच्या वर्तुळांवरून मोजतात, तसं टाळेबंदीचं वय त्या पट्ट्यांवरून मोजता येत होतं.

* * *

पण वर्गापर्यंत पोहोचण्याआधी फाटक होतं आणि फाटकात शिपाईमामा होते.

मामांच्या हातात थर्मल गन होती. एवढी वर्षं त्यांच्या हाती घंटेचा टोल सोडून दुसरं हत्यार नव्हतं. त्यामुळे मुलाच्या कपाळावर गन रोखताना ते एक डोळा बारीक करायचे. प्रत्येकाला ९६ पूर्णांक काहीतरी यायचं. भानगड व्हायची ती वस्तीवरून तीन किलोमीटर उन्हात चालत आलेल्यांची. ऑक्टोबर हीट, डोक्यावर टोपी नाही, कपाळ तव्यासारखं. गन शंभरच्या घरात जायची. मग मामा त्या मुलाला कडुनिंबाखाली बसवायचे, "निवल्यावर ये" म्हणायचे आणि दहा मिनिटांनी पुन्हा नेम धरायचे. पहिल्या तासाला कडुनिंबाखाली सात-आठ मुलं निवायला ठेवलेली असायची. नोंदवहीत मात्र सगळ्यांचं तापमान एका ओळीत, एकसारखं. मामांनी एकदा सकाळी स्वतःच्या कपाळावर गन धरली. तिने नुसतंच ‘लो’ दाखवलं. तेव्हापासून त्यांचा त्या यंत्रावर विश्वास बसला नाही, पण रोखायची हौस कायम राहिली.

संमतीपत्रांची तपासणी माझ्याकडे होती. ‘माझ्या पाल्यास शाळेत पाठवण्यास माझी संमती आहे’ आणि खाली पालकांची सही. नऊ सह्या मला संशयास्पद वाटल्या, कारण त्या फारच सुबक होत्या. एकाला विचारलं, "वडिलांनीच केली ना रे?" तो शांतपणे म्हणाला, "सर, दीड वर्ष वडिलांचं सगळं मीच करतोय. बँकेचं ॲप, गॅसचं बुकिंग, आजोबांच्या लशीचा नंबर लावणं. मग सहीला कशाला त्यांना शेतातून बोलवायचं?" मी पत्र ठेवून घेतलं. कुटुंबप्रमुखाची सही म्हणून ती काही खोटी नव्हती.

त्यात आमच्या नगर जिल्ह्याची कथा आणखी वेगळी. राज्यभर शाळा उघडल्या त्याच दिवसापासून जिल्ह्यातल्या, रुग्ण जास्त असलेल्या ६१ गावांत पुन्हा टाळेबंदी लागली. म्हणजे शेजारचं गाव त्या यादीत असेल, तर ओढ्याच्या अलीकडे ‘चला मुलांनो शाळेत चला’ आणि पलीकडे ‘घरीच थांबा’. ओढ्याला तेव्हा पाणीही फार नव्हतं.

* * *

आमच्या वर्गाच्या फळ्यावर मार्च २०२० ची तारीख आणि त्या दिवशीचा सुविचार तसाच होता : ‘वेळेचा सदुपयोग करा.’ त्याच्या खाली उभ्या रेघा मारल्या होत्या. मोजल्या, चौदा भरल्या.

त्या रेघांचा इतिहास असा. २०२० च्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून गावी परतलेल्यांना ठेवायला जागा हवी होती आणि रिकाम्या खोल्या शाळेतच होत्या. आमच्या खोलीत आला तो आमचाच एक माजी विद्यार्थी. शिकत असताना या पोराने सलग एक दिवस वर्गात काढला नव्हता. मधल्या सुट्टीत मागच्या भिंतीवरून उडी मारली की दुसऱ्या दिवशी सकाळीच दिसायचा. त्याला नियतीने त्याच वर्गात चौदा दिवस सलग बसवलं, बाहेरून कडी लावून. रोज एक रेघ मारायचा. मी खिडकीतून विचारपूस करायला गेलो तर म्हणाला, "सर, हा वर्ग एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं."

मधल्या काळात शाळा अजिबात उघडलीच नव्हती, असं नाही. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावीचे वर्ग सुरू करायचं ठरलं आणि त्याआधी आम्हा शिक्षकांची आरटीपीसीआर चाचणी झाली. आयुष्यभर मुलांना शेरे देणारी माणसं रांगेत उभी राहून स्वतःच्या शेऱ्याची वाट बघत होती, आणि शेरा ‘निगेटिव्ह’ यावा म्हणून देवाला नारळ बोलत होती. नाकात काडी गेल्यावर आमच्या इतिहासाच्या सरांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं, ते पानिपत शिकवतानाही कधी आलं नव्हतं. पुढे २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीही उघडली. पण निम्म्या घरांनी मुलं धाडलीच नाहीत, जी आली ती दोन-तीन खोल्यांत मावली, आणि रुग्ण वाढले तसं सगळं पुन्हा मिटलं. आमच्या खोलीचं कुलूप निघालंच नाही. म्हणून तो सुविचार राहिला आणि त्या चौदा रेघाही.

* * *

मोबाइल या वस्तूवर मला एक स्वतंत्र परिच्छेद लिहायला हवा, कारण तिने माझी शिक्षक म्हणून अब्रू घालवली.

२०२० पूर्वी शाळेत मोबाइल सापडला तर तो जप्त व्हायचा. मुख्याध्यापकांच्या लोखंडी कपाटात मोबाइलांचा एक छोटा तुरुंगच होता. पालकाला बोलावून, माफीपत्र लिहून घेऊन मगच कैद्याची सुटका. मग जून २०२० उजाडला आणि आम्हीच दारोदार जाऊन सांगायला लागलो, "अहो, पोराला मोबाइल घेऊन द्या, त्याचं भवितव्य आहे त्यात." लोकांनी शेळी विकून मोबाइल घेतले. आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी आम्ही फलक लावला : ‘शाळेत मोबाइल आणण्यास सक्त मनाई आहे.’ एक पालक तो फलक बराच वेळ वाचत उभे होते. मग मला म्हणाले, "सर, शेळी परत मिळंल का?"

ऑनलाइन वर्गात मला मुलं दिसायची नाहीत, त्यांचे डीपी दिसायचे. नंबर वडिलांचा, त्यामुळे डीपीही वडिलांचा. खंडोबा, वाघ, बैलजोडी, ‘साहेब’ असं लिहिलेली बुलेट. एक विद्यार्थी तर जेसीबी होता. मी दीड वर्ष त्या जेसीबीला समीकरणं शिकवली, "समजलं का?" असं विचारलं की जेसीबी अंगठा दाखवायचा. प्रत्यक्षात समोर आला तो चणीने लहान, चष्मेवाला मुलगा निघाला. मला अजूनही त्याला बघितलं की पिवळा रंग आठवतो.

गृहपाठाचा फोटो मागवायचो. कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, मागे गोठा, कधी वहीवर बसलेलं मांजर. एकदा एका उदाहरणाचे सात फोटो आले. सातही मुलांचं उत्तर बरोबर होतं आणि सातही वह्यांवर एकाच जागी, एकाच आकाराचा चहाच्या कपाचा गोल डाग होता. भूमितीत याला एकरूपता म्हणतात. मी सर्वांना पूर्ण गुण दिले आणि चहा कुणाच्या घरचा होता हे आजवर शोधलेलं नाही.

तरी खोटं कशाला बोला, शिकणारे शिकले. शाळा उघडल्यावर आठवड्याभरात एका मुलीची आजी शाळेत आली. घरात मोबाइल धरून उभं राहायचं काम आजीकडे होतं, कारण ओट्याच्या एका विशिष्ट टोकालाच रेंज यायची. आजी मला म्हणाली, "सर, त्या दोन समांतर रेषा होत्या, त्यांना एक आडवी रेघ छेदून गेली. तिचं पुढं काय झालं वो? त्या दिवशी लाइट गेली." समांतर रेषा आणि छेदिका या पाठाबद्दल एवढ्या काळजीने माझ्या नोकरीत कुणीही विचारलं नव्हतं. मी आजीला संगत कोन समजावून सांगितले. आजी म्हणाली, "म्हंजी भावकीतलंच परकरण की." आणि समाधानाने गेली.

* * *

आता अपेक्षांबद्दल. खरा गोंधळ तिथेच होता.

पालकांची अपेक्षा : दीड वर्षाचं नुकसान दिवाळीपर्यंत भरून काढा. दिवाळीची सुट्टी २८ ऑक्टोबरला लागणार होती. म्हणजे चोवीस दिवस हातात, त्यात रविवार. संस्थाचालकांची अपेक्षा : निकालाची परंपरा टिकली पाहिजे. ही परंपरा म्हणजे गंमतच. २०२० ला दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही, बाकीच्या विषयांच्या सरासरीने गुण मिळाले. साऱ्या जगाच्या सीमा बंद झाल्या त्या वर्षी भूगोल न लिहिता पोरं पास झाली. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही. नववीचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखीचे ३० आणि तोंडीचे २० अशी बेरीज करून निकाल लागला ९९.९५ टक्के. राज्याने एवढा निकाल कधी पाहिला नव्हता, आणि तो पाहायला गेलेल्यांना मंडळाचं संकेतस्थळही दिसलं नाही, ते दुपारी कोलमडलं. परीक्षा न घेता ९९.९५ लागतो म्हटल्यावर घेतल्यावर किमान शंभर लागावा, अशी आमच्या अध्यक्षांची साधी समजूत होती.

शिक्षण खात्याची अपेक्षा : आज दुपारी चार वाजेपर्यंत माहिती भरून पाठवा. किती मुलं आली, किती आली नाहीत, किती साबण, किती ऑक्सिमीटर, आणि ‘आनंददायी वातावरणात स्वागत’ करतानाचे फोटो. स्वागताला आम्ही फुलं आणली होती, पण पहिला फोटो हलला म्हणून मुलांना पुन्हा फाटकाबाहेर पाठवून पुन्हा आनंदाने आत घेतलं.

आणि माझी अपेक्षा? मी स्वतःला यातून वगळणार नाही. बाकांवर बोटभर धूळ होती, मामांनी फडकं मारलं आणि बाक पूर्वीसारखे झाले. मुलांचंही तसंच होईल असं मला वाटत होतं. जरा फडकं मारायचं, सेतू अभ्यासक्रमाचे ४५ दिवस उजळणीला द्यायचे आणि जिथे थांबलो होतो तिथून पुढे. सगळ्यांचाच हिशेब हा होता की मुलं दीड वर्ष शाळेतच, बाकांच्या शेजारी, कुलपात होती. ती बाहेर होती आणि बाहेर बरंच काही चाललं होतं, हे कुणी धरलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर पाच ओळींची एक व्याख्या लिहिली आणि उतरवून घ्यायला सांगितली. दोन मिनिटांनी वर्गभर मनगटं झटकण्याचा आवाज सुरू झाला. क्रमांक सात, म्हणजे आमचे मिशीवाले, खर्जात म्हणाले, "सर, हात दुखतोय." तीन ओळीच झाल्या होत्या. दुसऱ्याने विचारलं, "सर, फळ्याचा फोटो काढू का?" तिसऱ्याने चुकलेल्या अक्षरावर चुकून बोटाने दोनदा टकटक केली. खोडलं जाईना तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ही वही आहे. हसू आलं, पण हसलो नाही, कारण आदल्याच दिवशी पाठ्यपुस्तकातला बारीक मजकूर मोठा व्हावा म्हणून मीही पानावर दोन बोटं फाकवली होती.

चाचणी घेतली. ऑनलाइन चाचणीत हीच मुलं २० पैकी २० घेत होती. एकाने तर सगळे प्रश्न चाळीस सेकंदांत सोडवले होते, तेवढ्यात ते वाचूनही होत नाहीत. आता मात्र एका बाकावर एक, तेही नागमोडी. संसर्ग टाळण्यासाठी आखलेल्या त्या रचनेने कॉपीचा संसर्गही साफ टळला. निकाल इतका प्रामाणिक लागला की तो मुख्याध्यापकांना दाखवायचा धीर मला तीन दिवस झाला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी अर्थनियोजनाचा पाठ काढला. फळ्यावर ८.४ गुणिले १६०० लिहिलं आणि जेसीबीशेजारच्या मुलाला बोलावलं. तो खडू घेऊन उभा राहिला, दशांशचिन्हाकडे बघत. घाम फुटला. शेवटी म्हणाला, "येत नाही, सर." मी वैतागून म्हटलं, "अरे, आठ क्विंटल चाळीस किलो कांदा सोळाशेच्या भावाने गेला, तर पट्टी किती होईल?"

"तेरा हजार चारशे चाळीस," तो एका श्वासात म्हणाला. "पण तेवढे हातात येत नाहीत सर. हमाली जाते, तोलाई जाते, गाडीभाडं वेगळं. आणि वर वक्कल खराब निघाला म्हणून आडत्या बारदानाला दोन किलो धरतो ते आपण तोंडी बोलून सोडवायचं."

दीड वर्ष हा पोरगा वडिलांबरोबर बाजार समितीत जात होता. वर्गात आणखी कोण कोण काय काय शिकून आलंय ते मी त्या दिवशी पुस्तक मिटून विचारत बसलो. एक जण ट्रॅक्टर चालवायला शिकला होता. दोघी बहिणी वस्तीवरच्या लहान पोरांची शाळा भरवत होत्या आणि त्यांनी छडीदेखील ठेवली होती. एकाने मोटरसायकलवर भाजी विकली होती, त्याला कुठल्या गल्लीत उधारी द्यायची नाही हे तोंडपाठ होतं. जेसीबीने पक्ष्यांची वही केली होती. यांतल्या कुठल्याच गोष्टीला खात्याच्या तक्त्यात रकाना नव्हता. तिथे विचारलेलं एकच : ‘अध्ययनक्षती किती टक्के?’

* * *

नियम होते आणि मुलंही होती. डबा वाटून खायचा नाही, हा नियम मुलांनी तंतोतंत पाळला, म्हणजे वाटला नाही, फेकला. सहा फुटांवरून शेंगदाण्याचा लाडू झेलण्याचं कसब बघून क्रीडाशिक्षकांना कितीतरी दिवसांनी भरून आलं. त्यांचा तास बंद होता. पण डब्याला हात न लावणारी हीच मुलं मधल्या सुट्टीत एकमेकांचे मास्क बदलून घालत होती, कारण एकाच्या मास्कवर वाघाचा जबडा होता आणि तो प्रत्येकाला एकदा लावून बघायचा होता. मी ओरडलो. त्यांनी वाघाला सॅनिटायझर लावला आणि पुढच्याकडे दिला.

हजेरीचा पट ३८ चा होता. ३१ आली, आणखी सहा हळूहळू आली. त्यातला एक तालुक्याच्या गॅरेजात कामाला लागला होता. त्याला आणायला मी आणि इतिहासाचे सर गेलो. त्याने आमच्या गाडीचा प्लग साफ करून दिला, पैसे घेतले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी हात काळे घेऊन वर्गात आला. राहिला क्रमांक २३. मुलगी हुशार होती, सातवीत पहिली आलेली. घरी गेलो. आईने चहा केला. "मामाच्या गावाला गेलीय," म्हणाली. आमच्याकडे चौदा-पंधरा वर्षांची पोरगी मामाच्या गावाला जाते आणि परत येत नाही, तेव्हा त्याचा अर्थ काय होतो ते चहा देणाऱ्यालाही माहीत असतं आणि पिणाऱ्यालाही. कायद्याने अठरा लागतात, हे मी बोललो. बोलायला उशीर झाला होता. तक्त्यात तिच्यासाठी रकाना होता : ‘स्थलांतरित’.

* * *

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली, तर एसटी बंद झाली. कर्मचाऱ्यांचा संप पार एप्रिल २०२२ पर्यंत चालला. विषाणूला भ्यायली नव्हती ती मुलं आता फाट्यावर उभी राहून दुधाच्या गाडीला हात करू लागली. जानेवारीत तिसरी लाट आली आणि १० तारखेपासून शाळा पुन्हा बंद. या वेळी मुलांनी पिशवीही आवरली नाही. २४ तारखेला पुन्हा उघडल्या. पंधरा ते अठराची लस आली तेव्हा शाळेतच शिबिर भरलं. सुई बघून सगळ्यात आधी चक्कर आली ती मिशीवाल्यालाच.

मार्च २०२२ ला वरच्या वर्गाची परीक्षा झाली. ज्याची त्याची शाळा हेच केंद्र, अभ्यासक्रम पाऊणच, आणि हात सुटावा म्हणून मोठ्या पेपरला अर्धा तास जास्त. निकाल ९६.९४. माझ्या नववी ‘ब’ने ते बघून सुटकेचा श्वास टाकला. पण त्यांची पाळी आली तेव्हा सवलती संपल्या होत्या. मार्च २०२३, पूर्ण अभ्यासक्रम, नेहमीची वेळ.

ज्या दिवशी माझा विषय नव्हता त्या दिवशी मला पर्यवेक्षण होतं. हॉलमध्ये पंख्याचा आणि पेनांचा आवाज. पेपर सुरू होऊन दीड तास झाला असेल, क्रमांक सातने हात वर केला. मला वाटलं, पाणी हवं असेल.

"पुरवणी, सर."

मी पुरवणी दिली, सही केली. तासाभराने त्याने पुन्हा हात वर केला. दुसरी पुरवणी. आत काय लिहिलं होतं ते मी बघितलं नाही, बघायचं नसतं. शेवटची घंटा झाली, तेव्हा तो पुरवण्यांना दोरा बांधत होता आणि त्याला गाठ मारता येत नव्हती.

"काय रे?"

"हात दुखतोय, सर."

"दुखू दे," मी म्हटलं आणि गाठ मारून दिली.

त्या वर्षी राज्याचा निकाल ९३.८३ टक्के लागला, आधीच्या तिन्ही वर्षांपेक्षा कमी. आमच्या अध्यक्षांना तो खालावला असं वाटतं. तो पूर्ण तीन तास हाताने लिहिलेला होता, एवढंच मला माहीत आहे.